सहाशे अकरा वेळा सांगितलेली चूक

कुमासी शहरात अक्या न्यार्कोला 'प्रोफ' म्हणत नाही असा माणूस सापडायचा नाही. बाजारातली टोमॅटोवाली म्हणते, दारावरचा पहारेकरी म्हणतो, मी तर सव्वीस वर्षं म्हणतेय. पण कागदावर विचाराल तर ती प्रोफेसर नव्हती. सहयोगी प्राध्यापक होती, आणि त्यालाही अकरा वर्षं होऊन गेली होती. येत्या मार्चमध्ये तिला साठ पूर्ण व्हायची होती. म्हणजे हा शेवटचा अर्ज, यानंतर घरी.

मी सिस्टर डुफिए. सिकलसेलच्या क्लिनिकमध्ये नर्स. मुलांची बोटं टोचायची, आईबापांचं रक्त काढायचं, नळीवर नाव लिहायचं, फॉर्म भरायचा, सगळं माझ्याकडे. प्रोफ त्या रक्तातली जनुकं वाचते. म्हणजे ती मोठी संशोधक आणि मी तिला सामान पुरवणारी, असं लोक समजतात. समजू द्या. नळीवर नाव चुकलं तर तिचं सगळं संशोधन चुलीत, हे तिला माहीत आहे आणि मला माहीत आहे.

अर्जाचं मला पाठ झालं होतं, कारण महिनाभर ऑफिसात दुसरं बोलणंच नव्हतं. किती पेपर छापून आले, ते कुठे आले, आणि त्यांची सायटेशन किती. सायटेशन म्हणजे दुसऱ्या कुणी आपल्या पेपरात तुमच्या पेपराचा हवाला दिला की तुमच्या नावावर एक. लग्नात कुणी कुणाचं नाव घेतलं ते बायका मोजतात ना, तसंच, फक्त इथे मशीन मोजतं. प्रोफच्या नावावर तेराशे चाळीस होती. कुठल्या नियमात लिहिलेलं नाही, पण हजाराच्या खाली असलेल्या माणसाला आमच्याकडे कुणी प्रोफेसर करत नाही.

आता यातली गोम ऐका. त्या तेराशे चाळीसमधली सहाशे अकरा एकाच पेपराची होती. एकोणीस वर्षांपूर्वीचा पेपर, चाळीस कुटुंबांवरचा. सिकलसेलच्या काही मुलांना कळा कमी येतात, कारण त्यांच्या रक्तात एक चांगलं जनुक असतं. आम्ही क्लिनिकमध्ये त्याला 'मवाळ' म्हणायचो. ते आईकडून नाहीतर बापाकडून येतं. पण आमच्या चाळीसांतल्या सात मुलांत मवाळ होतं, आणि आई तपासा, बाप तपासा, दोघांत नाही! प्रोफने लिहिलं, की आमच्या लोकांत हे जनुक नव्याने, आपोआप उगवतं, आणि जगात कुठे उगवत नाही इतक्या वेळा उगवतं. बापरे, काय गाजला तो पेपर. कुठून कुठून पत्रं आली. त्या वर्षी आमच्या विभागाला नवा फ्रीजर मिळाला तो त्याच पेपरामुळे.

प्रोफची आई नाना कोनामा अठ्ठ्याऐंशी वर्षांची. आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईलाही मानाने 'नाना' म्हणतात. कापडाच्या दुकानावर बसून हिला शिकवलं. दर रविवारी चर्चबाहेर मला गाठून विचारायची, "डुफिए, झाली का गं माझी पोर प्रोफेसर? का मला वरून बघायला लावणार आहात?"

"होतेय नाना, या वर्षी नक्की," मी म्हणायचे.

आणि मग जिफाने ती जुनी नळ्यांची पेटी उघडली.

जिफा ही प्रोफची विद्यार्थिनी, पलीकडे व्होल्टाच्या बाजूची, एवे लोकांतली. हुशार, तोंडाने फटकळ, माझ्यासारखीच. प्रोफनेच तिला सांगितलं होतं, की फ्रीजरमधलं ते जुनं रक्त नव्या मशीनवर घाल, म्हणजे अर्जात पेपराला आणखी जोर येईल. सोमवारी सकाळी पोरगी माझ्या टेबलापाशी येऊन उभी.

"आँटी डुफिए, त्या सातांतल्या सहा मुलांचं रक्त त्यांच्या आईशी जुळत नाही."

मी ताडकन उठले. "माझ्या नळ्या बदलल्या म्हणतेस? सव्वीस वर्षांत एक नळी इकडची तिकडे झालेली नाही, समजलं? तू पाळण्यात होतीस तेव्हापासून मी नळ्यांवर नावं लिहितेय."

"अहो ऐकून तर घ्या. नळ्या बदलल्या असत्या तर काहीच जुळलं नसतं. आईचं अर्धं जुळायला हवं, इथे पाव जुळतंय. सहाच्या सहा ठिकाणी पाव." तिने कागद पुढे केला. "पाव म्हणजे मावशी."

"मग काय झालं? मावशीच असेल."

जिफाने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी मधमाशी गिळलीय. "पण फॉर्मवर आई लिहिलंय. तुमच्या अक्षरात. जन्म हिनेच दिला का, असं विचारलं होतं का तुम्ही?"

"असं कुणी विचारतं? थोबाडीत खाईन मी!"

तेवढं बोलले आणि खाली बसले. कारण पोरगी बरोबर बोलत होती. आम्हा असांते लोकांत बहिणीचं मूल बहीण वाढवते, यात सांगण्यासारखं काही नसतं. आजारी मूल असेल तर हमखास शहरातल्या बहिणीकडे, दवाखान्याजवळ. ती त्याला घेऊन येते, मी विचारते, आई कोण, ती म्हणते, मी. खरंच तर असतं ते. तिला वर 'पोटचं का?' म्हणून विचारायचं म्हणजे तिच्या तोंडावर थुंकण्यासारखं आहे. माझ्या जागी एवे बाई असती, उत्तरेकडची असती, तर तिने एखादवेळेस विचारलं असतं. असांते बाई मेली तरी विचारणार नाही.

प्रोफला सांगायला मीच गेले. रडूनच सांगितलं, लाज कसली. तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि ती चक्क हसायला लागली.

"हसतेस काय प्रोफ? मी तुझा सत्यानाश केला."

"तू एकटीने? डुफिए, बाप खरा का, हे आम्ही तेव्हा मशीनवर तपासलं होतं. चाळीसच्या चाळीस बाप. आईवर शंका घ्यावी हे मला सुचलं नाही. मला! कोनामाच्या घरात वाढलेल्या बाईला!"

हो, हे तुम्हाला सांगायचं राहिलंच. नाना कोनामा प्रोफच्या आईची थोरली बहीण. जन्म दिला धाकटीने, कोकोच्या मळ्यावर, आणि तीन वर्षांची असताना इकडे पाठवली. मला हे पहिल्यापासून माहीत होतं. मघाशी मी तुम्हाला 'आई' म्हणून सांगितलं ते काही लपवायला नाही. आमच्या तोंडात तेच येतं, त्याला काय करणार?

"पण नुसत्या पाव हिश्शावर बोलायचं नाही," प्रोफ म्हणाली. "घरी जाऊन विचारायचं. तू विचारायचंस."

पहिलं घर सुआमेला, त्वुमवाबाईचं. पावाची भट्टी आहे तिची. मुलगा क्वाबेना आता चोवीसचा बाप्या झालाय, गाड्यांची वायरिंग करतो. आम्हाला बसायला दिलं, पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर त्वुमवाबाई रीतीप्रमाणे म्हणाली, "इथे सगळं क्षेम आहे. वाट तुम्ही चालून आलात, तेव्हा तुम्ही सांगा."

मी रिकामा पेला खाली ठेवला. "आम्ही असं... म्हणजे क्वाबेनाच्या वेळी... बाळंतपण कुठे झालं होतं हो?"

"कुणाचं?"

"तुमचं."

"माझं कुठलं बाळंतपण? मला देवाने मूल दिलंच नाही." बाई माझ्याकडे वेड्यासारखी बघायला लागली. "पोकुआचं बाळंतपण. माझ्या बहिणीचं. तू तिला पाहिलंस की!"

"मी कधी पाहिलं?"

"अगं बाई, त्या दिवशी बाकावर माझ्या शेजारी बसली होती! तू विचारलंस आई कोण, आम्ही दोघींनी हात वर केले. मी म्हटलं, दोघींना टोच. तू म्हणालीस, आई एकच लागते, आणि जवळ होते म्हणून माझा दंड धरलास. तेव्हाही तू अशीच घाईत होतीस."

जिफाने तोंडाला रुमाल लावला. प्रोफ जमिनीकडे बघत होती, पण तिचे खांदे हलत होते. मला हसू आवरेना, रडू आवरेना. आतून पोकुआ शेंगदाण्याचं सूप ढवळता ढवळता बाहेर आली, पदराला हात पुसत. पळीतलं सूप उजेडात धरून बघावं तसं तिने आम्हाला बघितलं आणि बाही वर केली. "घ्या, आता टोचा."

मी टोचलं. नळीवर नाव दोनदा वाचून लिहिलं.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण निघताना प्रोफने सहज पोकुआला विचारलं, "क्वाबेनानंतर मुलं किती?"

"तीन. दोन आहेत. एक मुलगी चार वर्षांची होऊन गेली. क्वाबेनाला व्हायच्या तशाच कळा. आमच्या गावात कुणाला कळलंच नाही काय ते."

आता आमचा नियम असा, की मुलाला रोग निघाला की आईला जवळ बसवून सांगायचं: पुढच्या मुलाआधी नवरा-बायको या, जन्मल्या जन्मल्या बाळ तपासून घ्या, औषध आहे. ते मी सांगितलं होतं. त्वुमवाला सांगितलं होतं, जिला मूल होणारच नव्हतं! ती म्हणाली, "मला वाटलं, आता मला कसली मुलं होतायत, मग हे कुणाला सांगायचं?" गाडीत मला भडभडून आलं. जिफाने माझा हात धरून ठेवला होता, फटकळ आहे पण मनाची चांगली आहे पोर.

पंधरा दिवसांत पाच घरं झाली. पोकुआच्या रक्तात मवाळ निघालं. बाकीच्या चार खऱ्या आयांतही निघालं. सहावी वारली होती. सातवं एक मूल सोडलं तर नव्याने काही उगवत नव्हतं, होतं ते आईकडूनच येत होतं आणि आम्ही भलत्याच दंडात सुई खुपसत होतो. पेपर आडवा झाला.

अर्जाला आठ दिवस उरले होते. विभागप्रमुख आंपोन्सा प्रोफच्या खोलीत आले, दार लावून घेतलं. मी चहा घेऊन आत होते, मला कुणी बाहेर जा म्हटलं नाही, म्हटलं असतं तरी गेले नसते.

"अक्या, मी तुला खोटं बोल म्हणत नाही," ते म्हणाले. "नुसतं थांब म्हणतो. अर्ज जाऊ दे. कमिटीला आठ महिने लागतात. प्रोफेसर हो, झगा घाल, मग खुशाल पेपर मागे घे. झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणी तुला पकडलेलं नाही."

खरं सांगू? मलाही तेच हवं होतं. मनात म्हटलं, हो म्हण गं बाई. सव्वीस वर्षं तिला बघतेय मी. दिवे गेले की फ्रीजरपाशी बसून राहणारी, विद्यार्थ्यांचे पेपर स्वतःच्या आधी पाठवणारी. आठ महिन्यांनी कुणाचं काय जाणार होतं?

प्रोफने टेबलावरचा आमचा फॉर्म पुढे ओढला. "हा बदलायचाय मला. 'आईचं नाव' याच्या खाली एक ओळ घालायची, 'बाळंतपण कुणाचं झालं, ती आता कुठे राहते.' देशातलं प्रत्येक सिकलसेल क्लिनिक हाच फॉर्म वापरतं. बदलायचा तर का बदलला ते सांगावं लागेल. सांगितलं की पेपर पडला. आणि नाही बदलला, तर आठ महिन्यांत किती पोकुआ बाळंत होतील, तूच सांग."

आंपोन्सांनी मनात वजाबाकी केली. मग म्हणाले, "सातशे एकोणतीस राहतील तुझी. होणार नाही."

"माहीत आहे. सहाशे अकरा जणांनी माझं ऐकून तीच चूक पुढे सांगितली. सहाशे बारावा कुणी लिहायला बसला असेल आत्ता."

त्या दुपारी तिने मासिकाला पत्र पाठवलं. अर्जातून तो पेपर काढलाही नाही. यादीत सगळ्यात वर ठेवला, आणि पुढे लिहिलं, 'चूक आढळल्याने लेखिकेने स्वतः मागे घेतला.' मी म्हटलं, "अगं, निदान खाली तरी टाक!" ती म्हणाली, "सगळ्यात जास्त वाचलेला तोच ना?"

खरं संकट पुढे होतं. नानाला सांगायचं.

प्रोफ मला ढाल म्हणून बरोबर घेऊन गेली. नाना ओट्यावर फुफूचे गोळे सुपात बुडवून खात होती. प्रोफने सगळं सांगितलं, फॉर्म, बाक, सुई, पोकुआची मुलगी. नाना ऐकत होती, जेवत होती.

"म्हणजे आता तू छापून काढणार," शेवटी ती म्हणाली, "की त्या बायका त्या पोरांच्या आया नाहीत."

"तसं नाही नाना. लिहिलंय, जन्म देणारी आई आणि वाढवणारी आई. दोन रकाने."

"आणि मी कुठल्या रकान्यात?"

प्रोफ साठीला आलेली बाई, पण तिचा आवाज शाळेतल्या पोरीसारखा झाला. "वाढवणारी."

"बरोबर आहे. तुला जन्म धाकटीने दिला. मला त्यात काय खोटं बोलायचंय?" नानाने बोटं चाटली. "प्रोफेसर होशील?"

"बहुतेक नाही."

"कुणी पकडलं तुला?"

"नाही. मीच सांगितलं."

नानाने वाडगा पुढे केला. "डुफिए, सूप वाढ," एवढंच म्हणाली. परतताना गाडीत प्रोफ म्हणाली, "दुखावलं मी तिला. इतकी वर्षं वाट बघत होती." दुसऱ्या रविवारी नानाने मला चर्चबाहेर गाठलंही नाही, तेव्हा मला खात्रीच झाली.

नवा फॉर्म दोन महिन्यांत सगळीकडे लागला. पहिल्याच आठवड्यात मी एका पोराच्या मावशीला ती ओळ विचारली, कान लाल करून, आणि ती फाडकन म्हणाली, "माझी बहीण. सेफ्वीला असते. पाचवा महिना आहे तिला." मी तिथल्या तिथे बहिणीला फोन लावायला लावला. फॉर्मला कुणी सायटेशन देत नाही म्हणे. मी विचारलं होतं जिफाला.

कमिटीचं पत्र फेब्रुवारीत आलं, चार ओळींचं. सचोटीचं कौतुक, कामाचं कौतुक, पण सध्या बढती देता येत नाही. प्रोफने वाचलं, घडी घातली, ड्रॉवरमध्ये टाकलं आणि मला म्हणाली, "चल, रक्त यायची वेळ झाली." मी मात्र संडासात जाऊन रडले आणि कमिटीतल्या एकेकाच्या सात पिढ्या काढल्या. बरं वाटलं.

मग आला रविवार. प्रवचन झालं, आणि आभाराची वेळ आली. आमच्याकडे ज्याचं काही चांगलं झालं तो पांढरं नेसून, दक्षिणा घेऊन, गणगोतासकट नाचत पुढे जातो, आणि पाद्री कारण वाचून दाखवतो. कुणाला नोकरी, कुणाला नातू, कुणाचं परदेशचं काम झालेलं असतं. त्या दिवशी दोघांचे आभार झाले, आणि तिसरी चिठ्ठी पाद्रीबुवांनी उघडली, वाचली, चष्मा पुसला, परत वाचली.

"नाना कोनामा देवाचे आभार मानते," ते म्हणाले, "कारण तिच्या मुलीने मोठी चूक केली होती, आणि कुणी पकडलेलं नसताना तिने ती स्वतः सगळ्या जगाला सांगितली."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. ढोलवाल्याला कळेना, वाजवायचं का नाही. तेवढ्यात मागच्या रांगेतून नाना उठली. डोक्यापासून पायापर्यंत पांढरी, काठी टेकत, आणि मोठ्याने म्हणाली, "काय बघताय? तुमच्यापैकी कुणाच्या पोराने केलंय हे? असेल तर उभं राहा!"

कुणी उभं राहिलं नाही. ढोल सुरू झाला.

प्रोफने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. नाना तिच्या रांगेपाशी आली, तिचं मनगट धरलं आणि ओढून बाहेर काढलं. प्रोफ रडत होती, हसत होती, नाकातून पाणी, आणि पाय मात्र ढोलाला धरून पडत होते. मागून सगळ्या बायका रुमाल उडवत निघाल्या. मी जागेवर बसूनच टाळ्या वाजवत होते. नाना माझ्यापाशी थांबली आणि काठीने माझ्या पायाला टोचलं.

"तू कशाला बसलीस? चूक तुझीच ना?"

"माझीच, नाना."

"मग ऊठ, नाच."

मी उठले, पर्समधून रुमाल काढला आणि त्यांच्या मागे निघाले.